गारगोटीचे दगड

संत ब्रिगिडच्या सणाच्या आदल्या दिवशी समुद्राकाठच्या ड्रमकाला गावात घरोघरी एकच काम असते. ओढ्याकाठची लव्हाळी उपटून आणायची, चुलीपुढे बसून त्यांचे क्रूस विणायचे आणि अंधार पडण्याआधी घराच्या व गोठ्याच्या आढ्याला खोचायचे. ३१ जानेवारी १९४९, सोमवार. दुपारी तीनच्या सुमारास गॉहन यांच्या घरात असे पाच क्रूस तयार झाले होते आणि सहावा सबिना गॉहनच्या हातात होता. सबिना सत्तावीस वर्षांची. तिला आठवा महिना होता. पोटामुळे पुढे वाकता येत नव्हते, म्हणून ती लव्हाळी छातीशी धरून विणत होती.

"घट्ट विण," सासू म्हणाली. "मागच्या वर्षीचा ईस्टरपर्यंतसुद्धा टिकला नाही."

सासूचे नाव विनी. वय अडुसष्ट. नवरा मार्टिन जाऊन नऊ वर्षे झाली होती आणि तेव्हापासून घरातल्या देवाधर्माचा सगळा कारभार तिच्या हाती होता. पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढचा तांबडा दिवा तीच लावायची. रात्री जपमाळ संपली की मेलेल्यांसाठी, समुद्रावर गेलेल्यांसाठी, अमेरिकेत गेलेल्यांसाठी ती आपल्या पदरच्या प्रार्थना जोडायची आणि त्या मूळ जपमाळेहून लांबायच्या. ईस्टरच्या शनिवारी चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याची बाटलीही तिच्याच ताब्यात असे.

शेजारची डीलिया पॅडन दारातून आत आली. "देव या घराचं भलं करो," ती म्हणाली आणि सबिनाच्या हाताकडे पाहून थबकली. "अगं बाई, हा क्रूस आहे की खेकडा?"

"तुमच्या अँथनीने विणलेला बघितलाय मी," सबिना म्हणाली. "त्याच्यापेक्षा बरा आहे."

"अँथनी कसला विणतोय! त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही." डीलिया बाकावर टेकली. विनी बाटली घेऊन गोठ्याकडे निघाली होती. "ते पाणी कुठे चाललं, विनी?"

"वासरू खोकतंय."

"शिंपडणार की पाजणार?"

"दोन्ही."

"जपून गं विनी. ईस्टरला अजून अडीच महिने आहेत."

"मला मोजता येतं," विनी म्हणाली आणि गेली.

परत येताना तिने दाराजवळच्या झुडपावर पांढऱ्या कापडाची एक पट्टी पसरून ठेवली. त्या रात्री संत ब्रिगिड गावावरून जाते आणि बाहेर ठेवलेल्या कापडाला तिचा स्पर्श होतो, असे सगळे मानतात. ते कापड बाळंतिणीच्या डोक्याला बांधले की सुटका सोपी होते. डीलियाने पट्टीकडे पाहिले, सबिनाच्या पोटाकडे पाहिले आणि पुढची थट्टा गिळून टाकली. मागच्या बाळंतपणातही विनीने अशीच पट्टी बांधली होती.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात सबिनाला मुलगा झाला होता. बाळंतपणात तिची शुद्ध गेली. शुद्धीवर आली तेव्हा तो मेलेलाच जन्मला असे तिला सांगण्यात आले. त्याच संध्याकाळी तिचा नवरा फेस्टस एक खोके काखेत मारून बाहेर पडला आणि काळोखात परतला. तो कुठे गेला हे विचारण्याचे कारण नव्हते. गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर एक जुनी मातीची गढी आहे, तिच्या मधोमध एक काटेझाड आहे. तिला लिशीन म्हणतात. बाप्तिस्मा न होता गेलेल्या मुलांना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नसते, ती तिथे जातात. सूर्य मावळल्यावर बापाने एकट्याने जायचे, वाटेत कोणाशी बोलायचे नाही. समोरून येणाऱ्याने तोंड फिरवायचे. खड्डा बुजवून डोक्याशी गारगोटीचा एक पांढरा दगड ठेवायचा. नाव नाही, प्रार्थना नाही. आईने तिथे जायचे नाही आणि तिला जागा सांगायची नाही. गढीत भल्या माणसांचा वावर आहे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, ज्यांचे खरे नाव तोंडाने घ्यायचे नसते अशा जमातीचा. आणि अशा कबरीवर पाय पडलेला माणूस स्वतःच्या शेतात पहाटेपर्यंत वाट चुकून फिरतो, असे लहान पोरांनाही ठाऊक असते.

सणाच्या आदल्या त्या संध्याकाळी सबिना क्रूस खोचण्याच्या निमित्ताने गोठ्यात गेली. फेस्टस दूध काढत होता.

"कुठे आहे तो?" तिने विचारले.

"सबिना."

"मला फक्त दगड सांग."

"सांगून काय होणार?"

"मला कळेल."

"तू तिकडे जाशील."

"जाईन."

"म्हणूनच सांगत नाही," फेस्टस म्हणाला. त्याने मान वर केली नाही. फेस्टस वाईट माणूस नव्हता. त्या नोव्हेंबरापासून तो वरच्या शेतात जायला गढीजवळची वाट सोडून ओढ्याकडची वाट घेत असे. ती पाऊण मैलाने लांब पडत होती आणि तो दिवसातून दोनदा जात होता.

सबिना तिथेच उभी राहिली. "या वेळी मला विचारल्याशिवाय कुठे न्यायचं नाही," ती म्हणाली. "काहीही झालं तरी."

"काही होणार नाही. तोंड आवर."

१८ फेब्रुवारीला, शुक्रवारी, सकाळी सातला कळा सुरू झाल्या. तीन आठवडे लवकर. सुईण नर्स नऊ मैलांवर राहत होती. फेस्टस सायकल काढून निघाला. विनीने घरातली सगळी कुलपे उघडली, पडद्याच्या दोरीपासून सबिनाच्या केसांपर्यंत सगळ्या गाठी सोडल्या, कारण बंद राहिलेली वस्तू बाळाची वाट अडवते. ब्रिगिडचे कापड सुनेच्या कपाळाला बांधले. दोन तारखेला चर्चमध्ये आशीर्वादित करून आणलेली मेणबत्ती पेटवली. तिच्या हातून काही राहिले नव्हते.

नऊ वाजून वीस मिनिटांनी मुलगा झाला. फारच लहान, ओठ निळे. मांजराच्या पिलासारखा एकदा ओरडला आणि मग नुसता धापा टाकू लागला. विनीने आयुष्यात पुष्कळ मुले जन्मताना पाहिली होती. तिला एका नजरेत कळले.

"पाणी," ती म्हणाली आणि बाटलीकडे धावली.

बाटली रिकामी होती. आदल्या दिवशी बटाट्याच्या बियाण्यावर तिने शेवटचे थेंब शिंपडले होते. खोलीच्या दाराशी भिंतीवर पवित्र पाण्याची चिमुकली वाटी टांगलेली होती. तिच्या तळाशी पांढरा क्षार तेवढा उरला होता.

"आई, बादलीतलं घ्या!" सबिना पलंगावरून ओरडली.

"कुठल्या बादलीतलं? वासराच्या?"

"विहिरीचं आहे! कुठलंही चालतं. पुस्तकात आहे ते."

"पुस्तकात असेल. माझ्या नातवाला मी वासराच्या पाण्याने देवाघरी धाडणार नाही." विनीने बाळ गुंडाळून पाळण्यात ठेवले. भल्या माणसांनी त्याला उचलू नये म्हणून चुलीतला लोखंडी चिमटा पाळण्यावर आडवा टाकला आणि शाल डोक्यावर ओढली. "डीलियाकडे भरलेली बाटली आहे. ही गेले आणि ही आले."

"आई, तो जातोय!"

पण दार लागले होते.

ड्रमकालातले प्रत्येक मूल आठव्या वर्षी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ करते. मरणाच्या दारात असलेल्याला कोणीही माणूस, कोणत्याही साध्या पाण्याने बाप्तिस्मा देऊ शकतो, हे त्यातले एक उत्तर आहे. विनीलाही ते पाठ होते. वेळ आली तेव्हा तिला ते उत्तर सुचले नाही असेही नाही. ते तिला कमी प्रतीचे वाटले. पॅडन यांचे घर चारशे पावलांवर आहे. अडुसष्ट वर्षांची ती बाई चिखलातून जाऊन अकरा मिनिटांत परत आली. त्या वयात कोणालाही याहून लवकर येता आले नसते.

बादली दाराजवळ होती, पलंगापासून चौदा फुटांवर. सबिना पलंगावरून उतरली तशी गुडघ्यांवरच कोसळली. ती पाळण्यापर्यंत सरपटत गेली. चिमटा बाजूला टाकला, तो फरशीवर आपटून मोठा आवाज झाला. बाळ छातीशी धरून ती एका हाताने जमीन मागे ढकलत दाराशी पोचली. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता, तो तिने मुठीने फोडला. तळहातात पाणी घेऊन बाळाच्या कपाळावर ओतले, तीनदा, आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. नाव कोलमन ठेवले. तिच्या आजोबांचे.

मग तिने त्याच्या तोंडाला कान लावला. वारा दाराची कडी वाजवत होता. तिचा स्वतःचा श्वास भात्यासारखा चालला होता. पलंगावरून तिने बाळाची धाप ऐकली होती, हे नक्की. पाळण्यापाशीही ऐकली होती. बादलीपाशी ऐकली की नाही, हे तिला सांगता येत नव्हते.

विनी आत आली तेव्हा दोघेही जमिनीवर होते. शालीखाली बाटली होती, काठोकाठ भरलेली.

फादर मनेली शनिवारी दुपारी दोन वाजता आले. चाळिशीचे, काटेकोर. विनीने चांगले कप काढले, चहा केला, पाव कापला. बाळ खोलीत होते, कपाटाच्या खणात पांढऱ्या कापडावर. फेस्टस भिंतीला टेकून उभा होता. सबिना चुलीजवळच्या खुर्चीत बसली होती. नर्सने उठायचे नाही म्हणून बजावले होते, तरी.

"पाणी तू ओतलंस?" फादरनी विचारले.

"हो फादर."

"डोक्यावर? वाहिलं?"

"कपाळावरून कानापर्यंत वाहिलं."

"शब्द?"

"सगळे म्हटले. नीट."

"त्या वेळी बाळ जिवंत होतं?"

 चुलीत जळणाची, दलदलीच्या वाळक्या मातीची वीट ढासळली, राख उडाली.

"सबिना, मी विचारलं—"

"मला माहीत नाही, फादर."

विनीने श्वास आत ओढला. फादरनी कप खाली ठेवला. "हे बघ. तू बाळंतीण आहेस, घाबरलेली होतीस. कोणी शपथ घ्यायला सांगत नाहीये. शंकेचा फायदा द्यायची मला मुभा आहे. पण 'माहीत नाही' एवढ्यावर माझं काम चालत नाही. 'बहुतेक होता' असं म्हण. एवढंच. पुढे मी एक शब्द विचारणार नाही. उद्या रविवारची मिस्साप्रार्थना झाल्यावर त्याला त्याच्या आजोबाशेजारी ठेवू."

"बहुतेक," फेस्टस भिंतीपाशी पुटपुटला. "म्हण की. बहुतेक."

सबिनाने फेस्टसकडे पाहिले नाही. "आणि थोरला?" तिने विचारले.

"कोण थोरला?"

"दोन वर्षांपूर्वीचा. नोव्हेंबरातला."

"त्याला पाणी मिळालं नव्हतं."

"म्हणजे हा आत आणि तो बाहेर."

"तो देवाच्या हाती आहे."

"देवाच्या हाती आहे, तर त्याला कुंपणाबाहेर का ठेवलंय, फादर?"

"मी केलेला नियम नाही तो."

"मग कुणी केला? त्यांना विचारते."

"सबिना!" विनी म्हणाली. "जीभ आवर."

फादर उठले. ते रागावलेले नव्हते; त्यांना घाई झाली होती. "मी तुला दार उघडून देतोय, मुली."

"दिसतंय मला. पण त्यातून एकच जाऊ शकतो. हा बहुतेक जिवंत होता म्हणून आत गेला, तर थोरल्याने काय केलं होतं म्हणून तो बाहेर? ते मला सांगा, मग मी 'बहुतेक' म्हणते."

फादरनी टोपी घेतली. दारात थांबून ते फेस्टसशी बोलले, सबिनाशी नाही. "मग संध्याकाळी जे करायचं ते तू कर," ते म्हणाले. चहा त्यांनी अर्धाच प्यायला होता.

साडेपाचला उजेड उतरला. फेस्टसने दुपारी चहाच्या पेटीच्या फळ्यांचे खोके ठोकले होते. आता कोट अंगात घालून, कॉलर वर करून तो चुलीपुढे आला. खोके सबिनाच्या मांडीवर होते, तिचे दोन्ही हात झाकणावर.

"दे," तो म्हणाला.

"नाही."

"सूर्य मावळला, सबिना."

"म्हणूनच नाही. उद्या न्यायचं. मिस्सा सुटल्यावर, दिवसाउजेडी. मी येणार आहे."

"गावासमोर?"

"आपण चोरी केलीय का?"

"लोक काय म्हणतील ते तुला माहीत आहे."

"लोक काही म्हणत नाहीत. लोक तोंड फिरवतात. मला बघायचंय, दुपारी बारा वाजता कुणीकडे फिरवतात ते."

विनी जपमाळ हातात घेऊन बसली होती. ती ताडकन उठली. "तुझी शुद्धी झालेली नाही. फादरनी आशीर्वाद दिल्याशिवाय उंबरठ्याबाहेर पाय टाकलास, तर तुझ्या हातचा पाव या गावात कोणी खाणार नाही. विहिरीवर तुला कोणी उभं करणार नाही."

"बरं झालं. पाणी भरायचं वाचलं."

"थट्टा करतेस? माझ्याशी?" विनीचा आवाज चिरकला. "माझी दोन आहेत तिथे! अकरा साली एक, तेरा साली एक. मुलगीच होती दुसरी. मी कधी विचारलं का मार्टिनला? एकदा तरी? सत्तावीस वर्षं त्याच्याशेजारी झोपले, तो जाईपर्यंत. नाही विचारलं. तोंड मिटून राहिले."

"का नाही विचारलं, आई?"

   विनी बाकावर बसली आणि मणी बोटांत फिरवत राहिली, ओठ न हलवता.

"थोरला रडला होता," ती म्हणाली.

फेस्टस वळला. "काय?"

"एकदाच. ही बेशुद्ध होती, तू गोठ्यात होतास. मी बाटली आणायला माळ्यावर गेले. बूच निघेना. मेणाने बंद केलं होतं ना, उडून जाऊ नये म्हणून. दातांनी ओढलं. खाली आले तोवर..." ती थांबली. "मेलेलं जन्मलं म्हटलं की कोणी काही विचारत नाही. म्हणून तसं सांगितलं. बादली तेव्हाही तिथेच होती."

 तसबिरीपुढचा तांबडा दिवा जळत होता. सबिनाचे हात झाकणावरून हलले नव्हते. ती ओरडेल असे फेस्टसला वाटले. विनीलाही वाटले असावे, कारण ती खांदे आखडून बसली होती.

"केस होते त्याला?" सबिनाने विचारले.

"होते."

"कसले?"

"तांबूस. पुष्कळ होते."

सबिनाने मान हलवली, जणू कोणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत असावी. फेस्टस आईकडे पाहत उभा होता. मग त्याने कोट काढला, दारामागच्या खिळ्याला टांगला आणि चुलीत दोन विटा टाकल्या.

रविवारची मिस्सा सव्वाबाराला सुटली. ऊन होते, फेब्रुवारीत असते तसे पातळ, पण स्वच्छ. ड्रमकालाचे चर्च रस्त्यालगत आहे आणि लिशीनला जाणारी वाट त्याच्या फाटकासमोरून जाते. पुरुष नेहमीप्रमाणे कुंपणाच्या भिंतीला टेकून पाइप पेटवत होते, बायका पायऱ्यांवर बोलत होत्या. गॉहन यांची गाढवगाडी वळणावर दिसली, तेव्हा पहिल्यांदा कोणाचे लक्ष गेले नाही. गाडी फाटकाशी थांबली. फेस्टसने सबिनाला उतरवले. विनी गाडीतच बसून राहिली, शाल नाकापर्यंत ओढून. सबिनाने मागे वळून खोके उचलले आणि छातीशी धरले.

बोलणे थांबले. फाटकापाशी दोनशेच्या आसपास माणसे होती. खोक्याचा आकार पाहून ते काय आहे हे सगळ्यांना कळले, कारण त्या आकाराचे खोके त्या गावात दुसऱ्या कशासाठी ठोकत नाहीत. काहींनी सवयीने मान वळवली. पण वळवलेल्या मानेसमोर शेजाऱ्याचे तोंड होते, आणि तोही मान वळवत होता.

"फेस्टस, वेडा झालास का रे?" भिंतीजवळून एक जण हलक्या आवाजात म्हणाला. "बाईला घरी ने."

"मी कुठे नेतोय," फेस्टस म्हणाला. "ती मला नेतेय."

फादर मनेली चर्चच्या दारात आले. सबिना त्यांच्याकडे पाहत थांबली. तिला बोलायचे नव्हते. त्यांनी पाहावे एवढेच होते. फादरनी अडवले नाही. ते शेवटपर्यंत तिथेच उभे होते. का उभे होते, याबद्दल गावात आजही दोन मते आहेत.

सबिना चालू लागली. दोन दिवसांची बाळंतीण, पावले लहान पडत होती. पंधरा-वीस पावले झाली असतील.

"थांब गं," डीलिया पॅडन म्हणाली. "मी येते."

"डीलिया!" अँथनीने तिचा दंड धरला. "तिकडे बायका जात नाहीत."

"मग तूही चल," डीलिया म्हणाली. "तुला वाट माहीत आहे."

अँथनीने दंड सोडला.

लिशीन तिथून अर्धा मैल आहे. सबिनाच्या मागे डीलिया, मग डीलियाच्या मागे एक, दोन, पाच बायका. पुरुष थोडे अंतर ठेवून, कोणत्याही क्षणी माघारी वळता येईल अशा बेताने. गाडी सगळ्यांत मागे. चढाच्या शेवटी गढीच्या मातीच्या तटाला एक खिंड आहे. बायका तिथे थबकल्या. आतले गवत आखूड होते, मेंढ्या चरलेले, आणि गवतात पांढरे ठिपके होते. खाली रस्त्यावरून ते कधी दिसत नाहीत.

"पाय कुठे टाकायचा?" एक तरुण बाई कुजबुजली. "चुकलो तर?"

"माझ्या मागून या," फेस्टस म्हणाला.

तो काटेझाडापाशी गेला, झाडाला पाठ लावून उभा राहिला आणि समुद्राच्या दिशेने अकरा पावले मोजत गेला. पावाएवढ्या एका दगडापाशी थांबला. "हा," तो म्हणाला.

सबिना गुडघ्यांवर बसली. खोके बाजूला ठेवून तिने दगडावर तळहात ठेवला. ऊन लागून तो कोमट झाला होता. तिने त्याच्या कडेचे गवत उपटले, मग दुसऱ्या कडेचे. फेस्टसने शेजारीच खणायला सुरुवात केली. जमीन मऊ होती. तो फावडे मारत होता तेवढाच आवाज.

तेव्हा अँथनी पॅडन हलला. ज्याला बुटाची नाडी बांधता येत नाही तो माणूस टोपी हातात घेऊन तटाच्या कडेकडेने गेला. एकाही दगडावर पाय न देता तिसऱ्या ओळीत शिरला आणि एका लहान दगडाशी उभा राहिला. त्याने बायकोकडे पाहिले नाही. "एकोणचाळीस सालचा," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. डीलिया गेली आणि त्याच्याशेजारी उभी राहिली.  तिने त्याची बाही धरली.

मग दुसरा गेला. मग भिंतीजवळून फेस्टसला वेडा म्हणणारा गेला. एक म्हातारा दोन काठ्यांवर गेला आणि त्याची म्हातारी त्याच्यामागून. सतरा पुरुष गेले. कोणालाही शोधावे लागले नाही. दहा-दहा, तीस-तीस वर्षे तोंडातून अक्षर न काढलेल्या त्या माणसांना आपापला दगड झाडापासून किती पावलांवर आहे हे पाठ होते. वाट कोणीच चुकला नाही.

कोलमनला थोरल्याशेजारी ठेवले. झाकणावर फेस्टसने लव्हाळ्याचा सहावा क्रूस ठेवला, सबिनाने विणलेला. माती लोटली. प्रार्थना कोणी सुरू केली ते कळले नाही. ती नेहमीचीच होती, सगळ्यांना येणारी.

विनी खिंडीपाशी उभी होती. गाडीतून ती कधी उतरली हे कोणी पाहिले नव्हते.

"फेस्टस," ती म्हणाली. "तुझे वडील तुला कधी काही बोलले होते का रे?"

"कशाबद्दल, आई?"

"अकरा सालच्या. तेराच्या."

"नाही आई."

ती आत आली. झाडापाशी थांबून तिने सगळीकडे नजर फिरवली. दगड एकशे सात होते, फेस्टसने ते नंतर मोजले. मार्टिनला त्यातले दोन माहीत होते आणि मार्टिन नऊ वर्षांपूर्वी चर्चच्या जमिनीत, नावाच्या शिळेखाली गेला होता.

विनीने शालीखालून बाटली काढली, डीलियाकडून आणलेली. बूच काढले. झाडाजवळच्या पहिल्या दगडापाशी ती वाकली आणि त्यावर चार थेंब टाकले. मग दुसऱ्यावर चार. तिसऱ्यावर तीन. ती ओळीने जात राहिली, कंबरेवर हात ठेवून, वाकत, उठत. लोक वाट देत होते. मध्येच सबिना उठून तिच्यामागे गेली आणि तिने विनीचा कोपर धरला, म्हणजे वाकायला बरे पडावे. विनीने हात काढून घेतला नाही.

चार ओळी झाल्या आणि बाटली रिकामी झाली. तिने ती उलटी करून झटकली. अजून निम्म्याहून अधिक दगड उरले होते.

तटाच्या पायथ्याशी मेंढ्या पाणी पितात तो ओहोळ आहे. विनी तिथे गेली. गुडघे टेकून तिने बाटली पाण्यात धरली. बाटली बुडबुडे सोडत भरू लागली.

"विनी," डीलिया न राहवून म्हणाली, "ते नुसतं पाणी आहे गं."

"हो," विनी म्हणाली. "पाणी आहे."

ती उठली, बाटलीचे तोंड अंगठ्याने झाकले आणि पाचव्या ओळीच्या पहिल्या दगडाकडे चालू लागली.